थांगकरची सतरा घरं

प्रत्येक माणसाला एक गाव असतं, आणि माणूस जगाच्या पाठीवर कुठेही गेला तरी ते गाव त्याच्या आत वस्ती करून राहतं.

हे वाक्य आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात ‘आपलं गाव’ या सदराच्या डोक्यावर गेली अकरा वर्षं छापून येतंय. ते कोणाचं आहे हे कोणालाच माहीत नाही. पहिल्या वर्षी ले-आउट करणाऱ्याने जागा अडवायला काहीतरी टाइप केलं होतं, ते काढायचं राहिलं. दुसऱ्या वर्षी जुनीच फाइल वापरली. तिसऱ्या वर्षी अध्यक्ष ते वाक्य भाषणात बोलले आणि टाळ्या पडल्या. आता ते काढता येत नाही.

या अंकाची मी संपादक आहे. वार्षिक सभेत माझी निवड एकमताने झाली. त्या वेळी मी गाडी हलवायला बाहेर गेले होते.

आम्ही नोव्हायला राहतो. मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या बगलेत. इथे निम्मी मराठी माणसं गाड्या डिझाइन करतात आणि उरलेली निम्मी त्या गाड्यांचं सॉफ्टवेअर. ‘आपलं गाव’ सगळ्यांचं लाडकं सदर. आठशे शब्द, एक फोटो. लेखात एक नदी असते, एक देऊळ असतं, मारकुटे पण आतून प्रेमळ असे मास्तर असतात, आणि शेवटी ‘गाव आता पूर्वीचं राहिलं नाही’ असतं. एके वर्षी दोन वेगळ्या जिल्ह्यांतल्या लेखांना नदीचा एकच फोटो आला होता. मी दोन्ही लेखकांना फोन केला. दोघांनीही ती नदी आपलीच म्हणून ओळखली.

बाळ काका सोवनींनी या सदरात कधीच लिहिलं नव्हतं. दर वर्षी मी विचारायची आणि दर वर्षी ते म्हणायचे, “मला गाव नाही.” ते खरंच होतं. त्यांचे वडील तारखात्यात, दर दोन वर्षांनी बदली. काका शिकले सात शाळांत. पुढे अमेरिकेत येऊन चौतीस वर्षं एका गाडी कंपनीत ब्रेकच्या चाचण्या घेतल्या. आता वय चौऱ्याहत्तर. मागे एकदा त्यांनी शेजाऱ्यांची पत्रपेटी पाडली. पेटीने अचानक समोर येऊ नये असं त्यांचं मत होतं, पण प्लेनोला राहणाऱ्या त्यांच्या मुलीने, मोनाने, फोनवरूनच त्यांचं ड्रायव्हिंग बंद केलं. तेव्हापासून ते आठवड्यातून दोनदा ज्येष्ठांच्या व्हॅनने लायब्ररीत जातात.

ऑगस्टमध्ये त्यांची मेल आली. विषय: ‘आपलं गाव’. सोबत चौदा पानं. शीर्षक: ‘थांगकर’.

मी लगेच सेक्रेटरी रेखा काकूंना फोन केला.

“थांगकर?” काकू म्हणाल्या. “रत्नागिरीकडचे का?”

“नाही काकू. तिबेट.”

“तिबेटमध्ये आपलं कोण असतं?”

“कोणी नाही.”

“मग बाळ तिकडे कधी गेला?”

“गेले नाहीत. लिहिलंय तसं.”

लिहिलंच होतं. पहिल्याच परिच्छेदात. लेख चाचणीच्या अहवालासारखा कलमवार होता. ‘कलम १. स्थान. थांगकर हे तिबेटच्या पठारावरचे एक शांग, म्हणजे दहा-बारा वस्त्या मिळून झालेला गट. उंची चार हजार एकशे मीटर. लेखकास स्वतःच्या घराचा जिना चढताना धाप लागते, त्यामुळे प्रत्यक्ष पाहणीचा प्रश्न उद्भवत नाही. कलम २. पीक. मुख्य पीक सातू. एप्रिलअखेर पेरणी, सप्टेंबरात कापणी. सातू भाजून दळतात व लोण्याच्या खारट चहात कालवून मुटके करून खातात. आपले सातूचे पीठ तेच, फक्त आपण त्यात गूळ घालतो आणि ते आजारी माणसाला देतो. कलम ३. पाणी. बांधावरच्या पाण्याच्या पाळ्या दर वर्षी फासे टाकून ठरतात. ज्याची पाळी शेवटची येते तो वर्षभर फाशांना शिव्या देतो, शेजाऱ्याला नाही. ही पद्धत आपल्याकडे का नाही याचा विचार व्हावा.’

कलम सहामध्ये याक होता. ‘याक उतारावर आपण होऊन वेग कमी करतो. ही गोष्ट साधायला आमच्या विभागाला चौतीस वर्षे लागली.’

ही सगळी माहिती व्हॅनमधून आली होती. व्हॅन चालवते यांगझोम. पन्नाशी उलटलेली, थांगकरमध्ये जन्मलेली, वीस वर्षांपूर्वी डोंगर ओलांडून आधी भारतात आणि मग इथे आलेली बाई. कर्नाटकातल्या तिबेटी वस्तीत सहा वर्षं राहिल्यामुळे तिला इडली येते आणि हिंदी शिव्या येतात. बाकी दोघांचं बोलणं इंग्रजीत. टेन माइल रोडवरून लायब्ररी अठरा मिनिटं, सिग्नल लागले तर चोवीस. तीन वर्षं, आठवड्याला दोनदा, जाता-येता. काका मागच्या सीटवर वही उघडून बसायचे आणि माहिती पुन्हा पुन्हा तपासून घ्यायचे. एक याक दिवसाला किती खातो? गेल्या मंगळवारी तू वेगळं सांगितलंस. ते आजारी याकचं होतं. मग तसं सांग ना बाई.

माझ्याकडून पहिली चूक लगेच झाली. मुद्रितशोधन करताना ‘ड्रीचे दूध’ असं दिसलं. मला वाटलं टायपो. मी ‘याकचे दूध’ केलं आणि काकांना पाठवलं. चार मिनिटांत फोन.

“तू बारामतीची ना?”

“हो काका.”

“बारामतीत बैलाचं दूध काढतात?”

“काका?”

“याक नर असतो. मादी ड्री. याकचं दूध काढायला जाशील तर तुझं पुढचं संपादन हॉस्पिटलातून होईल. काना-मात्रा बघायचा तो बघ, प्राण्यांना हात लावू नकोस.”

“बरं. पण काका, लेख चौदा पानांचा आहे.”

“गाव मोठं आहे.”

“आणि गाव तुमचं नाही.”

“मग कोणाचं आहे ते सांग. त्याच्याकडून लिहून घे. मी थांबतो.”

मग खाली आलेल्या आवाजात काका म्हणाले, “कलम नऊ वाचलंस का?”

वाचलं होतं. कलम नऊ एका पानाचं होतं.

‘कलम ९. वरची वाडी. थांगकरच्या वरच्या अंगाला, कुरणाला लागून. घरे सतरा. आता शून्य. नऊ वर्षांपूर्वी सगळ्यांना खाली हमरस्त्याच्या कडेला आणून बसवले. नवी घरे एका मापाची, एका रंगाची, क्रमांक १ ते १७. गुरे बांधायला जागा नाही, म्हणून गुरे विकली. जुनी घरे पाडली. इंटरनेटवर थांगकरची माहिती पाच ओळींत आहे: क्षेत्रफळ, लोकसंख्या, आणि शेती व पशुपालन हा मुख्य व्यवसाय. वस्त्यांच्या यादीत वरची वाडी नाही. तिथल्या घरांना क्रमांक नव्हते, नावे होती. ती खाली देत आहे.’

आणि खाली सतरा नावं. प्रत्येकापुढे एक ओळ.

‘खांगसार: नवे घर. नवे म्हणजे आजोबांच्या वेळचे. गारबा: लोहाराचे. नांगराचा फाळ इथेच करून घेत, चहा मात्र त्याला दाराबाहेर देत. (हे मी विचारले नव्हते. तिने आपण होऊन सांगितले.) तारा: घोड्यांची पागा होती, नंतर माणसे राहू लागली, वास तोच राहिला. नुबखांग: पश्चिमेचे. दोन भाऊ, दोघांत एक बायको, भांडण नाही. छुगो: पाण्याच्या उगमापाशी. पाण्याची पाळी शेवटची आली तरी पाणी पहिल्यांदा दिसायचे यांनाच.’

छुगो हे यांगझोमचं घर. हे कागदावर नव्हतं, मला काकांनी फोनवर सांगितलं. तिने घातलेली एकच अट होती: माणसांची नावं नकोत, माझंही नको. घरांची घाला. (यांगझोम हेही तिचं खरं नाव नाही.)

“तिने मला फोनवर ती पाच ओळींची माहिती दाखवली,” काका म्हणाले. “सिग्नलला. म्हणाली, बघ, आम्ही नव्हतोच. अगं, ब्रेकच्या चाचणीत फुटलेल्या पार्टचासुद्धा नंबर लिहून ठेवतात. काढून टाकला तरी. काढला हे लिहिल्याशिवाय अहवालच पुरा होत नाही. ही सतरा घरं कुठेच लिहिलेली नाहीत. आता कुठेतरी लिहायची.”

“आणि ते कुठेतरी म्हणजे नोव्हायच्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक?”

“दुसरीकडे माझी ओळख नाही,” काका म्हणाले.

दोन दिवसांनी अध्यक्षांचा फोन आला. अध्यक्ष म्हणजे ओजस कुलथे, वय बेचाळीस, गाडीच्या सीटा बनवणाऱ्या एका कंपनीत प्रोग्रॅम मॅनेजर. माणूस वाईट नाही. गणपतीत खुर्च्या स्वतः उचलतो.

“यार, हे कलम नऊ काय आहे?” तो म्हणाला. “हे पॉलिटिकल आहे.”

“घरांची नावं आहेत, ओजस.”

“तेच तर पॉलिटिकल असतं. रविवारी मीटिंग घेऊ. काकांना सांग, पण हळू सांग.”

मीटिंग रेखा काकूंच्या बेसमेंटमध्ये झाली. मंडळाच्या सगळ्या मीटिंगा तिथेच होतात, कारण गणपतीचं मखर तिथे असतं आणि ते बाहेर निघत नाही. रेखा काकू एकोणीसशे त्र्याहत्तरमध्ये आल्या, चाळीस वर्षं भूलतज्ज्ञ होत्या. बोलताना मात्र भूल देत नाहीत. रविवारी व्हॅन बंद असते, म्हणून काकांना यांगझोम स्वतःच्या गाडीतून घेऊन आली आणि बाहेरच थांबली. काकूंनी खिडकीतून पाहिलं.

“बाळ, त्या बाईला गाडीत काय बसवून ठेवलंयस? तिच्या गावाची मीटिंग आहे ना?”

यांगझोम आत आली. ठेंगणी, अंगावर व्हॅनचंच जॅकेट, बूट दारात काढून ठेवलेले. पिंगपाँगच्या टेबलावर चहा आणि बटाटेवडे मांडले होते. काकूंनी तिच्या कपाजवळ साखर ठेवली आणि साखरेशेजारी मिठाची बाटली. लेख कोणी कोणी वाचलाय हे मला तिथेच कळलं.

“काका, सगळ्यात आधी,” ओजस म्हणाला, “लेख सुंदर आहे. रिअली. पण सदराचं नाव काय? आपलं गाव. आपलं म्हणजे आपलं.”

“बरोबर,” काका म्हणाले. “तुझं गाव कोणतं रे?”

“कोरेगावजवळ. दोन वर्षांपूर्वी लिहिलं होतं मी.”

“वाचलं. किती घरं आहेत?”

“असतील... चारशे? पाचशे?”

“चारशे की पाचशे?”

“काका, ते काही मी मोजायला—”

“पाणी कुठून येतं?”

“कॅनॉल. नाही, बोअर. आता बहुतेक बोअर असेल.”

“घेवडा कधी पेरतात?”

ओजसने माझ्याकडे पाहिलं. मी वड्याकडे पाहिलं.

“शेवटचा कधी गेला होतास?”

“दोन हजार अकरा.” मग तो प्रामाणिक माणूस म्हणाला, “म्हणजे हायवेवरून. डॅडींनी हात करून दाखवलं, ते बघ तिकडे आपलं.”

“आणि थांगकरच्या वरच्या वाडीत सतरा घरं, बावीस चुली, तीनशे चाळीस याक आणि ड्री मिळून, मेंढ्या वेगळ्या,” काका म्हणाले. “आता आपलं कोणाचं ते तूच ठरव.”

यांगझोमने इंग्रजीत विचारलं, “हे काय बोलतायत?”

“घेवड्याचं चाललंय,” काकांनी सांगितलं.

ओजसने मदतीसाठी रेखा काकूंकडे पाहिलं. ही त्याची चूक. काकूंनी चष्मा काढला.

“लांज्याच्या पुढे आमची वाडी. एकतीस घरं. दाढ, म्हणजे भाताची रोपं, मृगात भाजलेल्या जमिनीत टाकायची, लावणी आषाढात. पाणी पऱ्ह्याचं, म्हणजे ओढ्याचं, आमच्या खाचराला शेवटी यायचं, म्हणून आमची आई आणि वरच्या घरची आक्का अठरा वर्षं बोलत नव्हत्या. हे सगळं मी लिहिलं होतं हो लेखात. संपादकांनी कापलं.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. यांगझोमनेही, इतरांचं बघून.

“आठशे शब्दांची मर्यादा होती, काकू,” मी म्हणाले.

“देऊळ ठेवलंस.”

“देवळाचा फोटो होता.”

“आमची आई आणि आक्का कापलीस आणि देऊळ ठेवलंस. त्या देवळात मी आयुष्यात दोनदा गेले असेन.”

मी सगळ्यांना चहा ओतला.

ओजसने मग खुर्ची पुढे ओढली आणि सरळ सांगितलं. ते त्याला शोभलंही. “काका, मी वर्षातून दोनदा चीनला जातो. आमच्या सीटांचे रेल तिकडे बनतात. व्हिसा लागतो. इथलं माझं ग्रीन कार्ड बारा वर्षं लाइनमध्ये आहे, सगळं कंपनीच्या हातात. अध्यक्ष म्हणून अंकाच्या पहिल्या पानावर माझं नाव. फोटोसकट. उद्या कोणी वाचलं तर?”

“कोण वाचतं रे आपला अंक?”

“कोणीतरी वाचत असेल ना.”

“तू वाचतोस?”

“मी... चाळतो.”

“अध्यक्ष चाळतात,” काका म्हणाले, “आणि बीजिंग वाचतं.”

काकूंना हसू आलं, ते त्यांनी वड्यात दडवलं. ओजसला आलं नाही. त्याच्या जागी मलाही आलं नसतं.

“मी नाही म्हणत नाहीये,” तो म्हणाला. “तेरा पानं छापू. पूर्ण. आठशे शब्दांचा नियम बाजूला. रंगीत छापू, याकचा फोटो फुल पेज. फक्त कलम नऊ नको. एक पान, काका. चौदातलं एक.”

खरं सांगायचं तर मला हे चांगलं वाटलं. अकरा वर्षांत कोणालाही तेरा पानं मिळाली नव्हती. सिल्व्हर ज्युबिलीला माजी अध्यक्षांना पाच मिळाली होती आणि त्यावर दोघांनी राजीनामे दिले होते. काकांनी ती ऑफर यांगझोमला इंग्रजीत सांगितली, एकही शब्द न वगळता, रंगीत फोटोसकट.

“कुठलं पान नको म्हणतात?” तिने विचारलं.

काकांनी दाखवलं. तिने ते पान बघितलं, म्हणजे देवनागरीची सतरा ओळींची ती रांग बघितली. मग चहात मीठ घातलं, ढवळलं.

“याक त्यांना इंटरनेटवरही मिळतील,” ती म्हणाली.

काकांनी चौदा पानांचा गठ्ठा हातात घेतला. स्टेपलची पिन नखाने काढली; त्याला वेळ लागला. मग तेरा पानं टेबलावरून ओजसकडे सरकवली आणि एक माझ्यापुढे ठेवलं.

“ही तेरा तुझी. सातू, पाणी, याक, सगळं. काप, फाड, पतंग कर. हे एक छापायचं.”

“काका, तीन वर्षांचं काम आहे ते,” मी म्हणाले.

“म्हणूनच कळतंय ना, कुठलं पान लागतं ते.”

“काका, प्लीज,” ओजस म्हणाला.

“ओजस, मी सात शाळांत शिकलो. प्रत्येक शाळेत पहिल्या दिवशी मास्तर विचारायचे, गाव कोणतं? मी म्हणायचो, नाही. पोरं हसायची. असू दे. आपल्याला गाव नसलं तर नसलं, त्याने काही अडत नाही. पण होतं आणि नव्हतं म्हणायचं, हे मी सही करून देणार नाही. चौतीस वर्षांत कधी दिलं नाही. दोनदा नोकरी जायची वेळ आली होती.”

मी मधे बोलले, कारण ते बोलायला हवं होतं. मी यांगझोमला विचारलं, हे छापल्याने तिच्या माणसांना तिकडे काही त्रास होणार नाही ना? भीती फक्त ओजसचीच का मोजायची?

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. “घरांची नावं आहेत,” ती म्हणाली. “घरं पाडली त्यांनी. आता आणखी काय करतील? परत बांधतील?”

मग रेखा काकूंनी ते पान माझ्यापुढून उचललं आणि चष्मा लावून सतराच्या सतरा नावं मोठ्याने वाचली. उच्चार लांज्याचे होते. यांगझोमने तीन ठिकाणी दुरुस्त केले, काकूंनी पुन्हा म्हटले. नुबखांगला त्या थांबल्या.

“दोन भाऊ, एक बायको. हे छापायचं?”

“तसंच होतं ते,” काका म्हणाले.

“नाही, छापा. मी कुठे नको म्हणते? एकाचंच करता करता माझी बेचाळीस वर्षं गेली. तिचं कौतुक वाटलं इतकंच.” त्यांनी पान खाली ठेवलं. “माझा हात वर. आता तुमचं बोला.”

समितीत मतं तीन. मी ओजसकडे पाहिलं. तो वाईट माणूस नाही हे मी वर म्हटलंय, आणि माझा नवराही सीटांच्याच धंद्यात आहे. पण समोर रेखा काकू होत्या, आणि त्यांच्या आईचे आणि आक्काचे एकशे दहा शब्द मी एका बुधवारी जेवणाच्या सुट्टीत कापले होते, ते वाईट होते म्हणून नाही, देवळाचा फोटो आडवा होता म्हणून. मी हात वर केला.

“मी अ‍ॅबस्टेन करतो,” ओजस म्हणाला. “मिनिट्समध्ये लिहा. अध्यक्षांनी अ‍ॅबस्टेन केलं.”

“मिनिट्स मी लिहिते,” काकू म्हणाल्या. “अध्यक्ष त्या वेळी वडा खात होते असं लिहीन.”

“आणि माझा फोटो काढा पहिल्या पानावरून.”

“फोटो काढू.”

“नाव पण.”

“नाव राहील,” काका म्हणाले. “नावं काढायची नाहीत, असं आत्ताच ठरलंय.”

यावर ओजसने एक वडा घेतला. तेव्हा मिनिट्समधली नोंद तशी खोटी नाही.

अंक ऑक्टोबरमध्ये छापून आला. पहिल्या पानावर अध्यक्षांच्या फोटोच्या जागी एक पणती होती. पान सदतीसवर ते वाक्य होतं, प्रत्येक माणसाला एक गाव असतं वगैरे, आणि त्याखाली कलम नऊ, शेवटी त्या सतरा ओळी. बाकी पान कोरं. ले-आउट करणाऱ्याने तिथे रांगोळी टाकली होती. ती मी तीनदा काढली, तो तीनदा टाकत होता.

काकांच्या दहा प्रती मी स्वतः त्यांच्या घरी नेऊन दिल्या. मंगळवार होता. व्हॅन ड्राइव्ह-वेत उभीच होती. काकांनी खिडकीतूनच पान सदतीस उघडून यांगझोमला दिलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. छुगो. ती ते अक्षर बराच वेळ बघत राहिली. वाचता येत नव्हतं, पण कुठे आहे ते कळलं होतं. मग तिने यादीच्या वरपासून बोटाने ओळी मोजल्या. एकदा. पुन्हा एकदा.

“सेव्हन्टीन,” ती म्हणाली.

“मग काय सोळा छापू?” काका म्हणाले. “चल, लायब्ररीला उशीर होतोय.”

तिने अंक डॅशबोर्डवर ठेवला. व्हॅनमध्ये प्रवाशांचं सामान डॅशबोर्डवर ठेवायला मनाई आहे, तशी पाटीच आहे. तो तिथेच राहिला.

ओजसने मात्र पुढचे तीन आठवडे फार वाईट काढले. दर दोन दिवसांनी मला फोन. काही आलं का? कोणी विचारलं का? ऑफिसात एका चिनी सहकाऱ्याने त्याला लिफ्टमध्ये ‘हाउ आर यू’ विचारलं, त्याचा त्याने वीकेंडभर विचार केला. नोव्हेंबरमध्ये त्याचा चीनचा व्हिसा नेहमीसारखा आला. नेहमीपेक्षा एक दिवस लवकर आला, म्हणून तो आणखी घाबरला.

मग एका शनिवारी सकाळी त्याचा फोन.

“पत्र आलंय.”

“कोणाचं?”

“माहीत नाही. मंडळाच्या पत्त्यावर, अध्यक्षांच्या नावाने. कागदी पत्र आहे. कागदी पत्र कोण पाठवतं? पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव नाही, नुसतं लिहिलंय, दिवाळी अंकातील मजकुराबाबत.”

“उघड ना.”

“तू ये. काकांना पण आण. रेखा काकूंना पण. सगळ्यांची सही आहे ना त्या मीटिंगवर.”

आम्ही गेलो. पत्र डायनिंग टेबलाच्या मध्यभागी ठेवलं होतं आणि ओजस त्याच्यापासून एक खुर्ची सोडून बसला होता. रेखा काकूंनी सुरीने पाकीट फोडलं. पत्र टेक्ससमधून आलं होतं, शुगर लँडच्या एका निवृत्त मराठी डॉक्टरांचं. सुवाच्य अक्षर, चार ओळी. अंक एका नातेवाइकाकडून मिळाला, संपूर्ण वाचला, असं लिहिलं होतं. पान सदतीसविषयी काहीच नव्हतं. पान बावन्नवरच्या शब्दकोड्यात चौदा आडवं चुकलंय, एवढंच म्हणणं होतं.

मी घरी जाऊन तपासलं. चौदा आडवं चुकलं होतं.